जुना राउटर, विसरलेला पासवर्ड आणि नवी जबाबदारी

पुणे-सोलापूर महामार्गावरील यवत, वरवंड, पाटस ही दौंड तालुक्यातील गावे असोत, की भीमाकाठची एखादी लहानशी वस्ती असो, ग्रामपंचायतीचे दाखले आणि शाळेची माहितीपत्रके आज इंटरनेटवाचून पुढे सरकत नाहीत. २०११ साली मंजूर झालेली आणि २०१५ पासून 'भारतनेट' या नावाने ओळखली जाणारी केंद्र शासनाची योजना देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूने जोडण्यासाठी आखण्यात आली. तारेने आलेली ही सेवा खोलीतील संगणकांना व भ्रमणध्वनींना बिनतारी पुरविण्याचे काम राउटर करतो.

काटकसर म्हणून अनेकदा जुना राउटर विकत घेतला जातो किंवा देणगीदाखल स्वीकारला जातो. यंत्र सुस्थितीत असते. पण पहिल्या मालकाला पासवर्ड आठवत नाही. कार्यालयातील राउटरची हीच गत कर्मचाऱ्याच्या बदलीनंतर होते.

तीन निराळी कुलपे

येथे तीन पासवर्डांतील भेद ध्यानात घ्यावा. पहिला बिनतारी जोडणीचा. तो वापरणाऱ्या सर्वांना ठाऊक असतो. दुसरा राउटरच्या व्यवस्थापनाचा. त्याने यंत्रातील सर्व मांडणी बदलता येते. तिसरा इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने ग्राहकाला दिलेला. तो राउटरमध्ये भरलेला असला तरी कंपनीकडून पुन्हा मिळू शकतो. पहिले दोन मात्र विसरल्यास शोधत बसण्यात अर्थ नाही. ते पुसून नव्याने ठरविणे हाच सरळ मार्ग होय.

कृती

राउटरच्या मागे किंवा तळाशी 'रीसेट' असे लिहिलेले छिद्र अथवा बटण असते. वीजपुरवठा चालू ठेवून ते टाचणीसारख्या वस्तूने साधारणतः १० सेकंद, दिवे एकदम लुकलुकेपर्यंत, दाबून धरावे. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि कारखान्यातून निघाले त्या अवस्थेत येते. नंतर ते तारेने संगणकाला जोडून तळाच्या पट्टीवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये भरावा. हा पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. मूळ नाव व पासवर्डही त्याच पट्टीवर आढळतात. काही नव्या यंत्रांत पासवर्ड प्रथम उघडतानाच ठरवावा लागतो.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. सेवा देणाऱ्या कंपनीच्या मालकीचे यंत्र तिला विचारल्यावाचून रीसेट करू नये, कारण त्यातील सेवेची मांडणी पुसली जाऊन जोडणीच बंद पडू शकते. दुसरे, रीसेट केवळ स्वतःच्या अथवा संस्थेच्या यंत्राचे करावे. मालकाच्या परवानगीवाचून संगणक जाळ्यात प्रवेश केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार भरपाईची जबाबदारी येते. हेतू कपटाचा असेल तर कलम ६६ नुसार तो अपराध ठरतो.

खरे काम यानंतर

रीसेट झालेला राउटर मालकाच्या ताब्यात येतो. परंतु त्याच क्षणी तो इतरांनाही मोकळा होतो, कारण कारखान्याचे पासवर्ड सर्वज्ञात असतात. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने अशा सुमारे ६० ठरावीक जोड्यांच्या आधारे जगभरातील कॅमेरे व राउटर काबीज केले आणि २१ ऑक्टोबर रोजी अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे बंद पाडली. आपल्या राज्यातील उदाहरण याहून गंभीर आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे धाडलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घरच्या असुरक्षित बिनतारी जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले. ज्याची जोडणी होती, त्याला चौकशीला सामोरे जावे लागले.

म्हणून रीसेटनंतर त्याच बैठकीत व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा. बिनतारी जोडणीसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा निवडून निराळा, लांब पासवर्ड ठेवावा. १९९७ मधील डब्ल्यूईपी पद्धत कधीच निकामी ठरली आहे. एवढीच सोय असलेले यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी आणि उत्पादकाने दिलेली अद्ययावत प्रणाली भरावी.

दप्तरी नोंद

राउटरची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते, पण त्याच्या पासवर्डची कोठेच होत नाही. तो मोहोरबंद लिफाफ्यात कपाटात ठेवावा. पदभार देताना किल्ल्यांबरोबर हा लिफाफाही सोपवावा आणि नव्या अधिकाऱ्याने पासवर्ड बदलून घ्यावा. शाळेत ही जबाबदारी मुख्याध्यापकांनी उचलावी. एवढी शिस्त पाळली, तर बदलीनंतर कामकाज अडणार नाही आणि दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थाला 'नेट बंद आहे' या उत्तरानिशी परत जावे लागणार नाही.