रिलेची किंमत आणि ट्रिपची किंमत

चाकण-भोसरीतल्या एखाद्या कारखान्याचा भार वाढला, २२ केव्हीचे एचटी कनेक्शन मंजूर झाले, की पॅनेलवाल्यांची कोटेशने येऊ लागतात. व्हॅक्यूम ब्रेकरचे पॅनेल चार ते सात लाखांचे. त्यातच कुठेतरी एक ओळ असते : ‘न्यूमरिकल रिले, १ नग’. घासाघीस सुरू झाली की कात्री बहुधा याच ओळीवर चालते, कारण रिले नेमका काय करतो हे खरेदी विभागात कुणालाच सांगता येत नाही. खरे तर ब्रेकरला स्वतःची अक्कल नसते. सीटीकडून (करंट ट्रान्सफॉर्मरकडून) आलेला प्रवाह मोजून ‘आता उघड’ असे रिलेने सांगितले, तरच तो उघडतो.

खाली दिलेले आकडे बाजारातले ढोबळ अंदाज आहेत. ते १८ टक्के जीएसटी सोडून आहेत, आणि कंपनी, नगसंख्या, वॉरंटी यांप्रमाणे बरेच खालीवर होतात.

कोणता रिले, किती रुपये

तीन ओव्हरकरंट आणि एक अर्थफॉल्ट एवढेच काम करणारा साधा न्यूमरिकल रिले १५ ते ३५ हजारांत येतो. ठाण्याच्या आशिदापासून सीमेन्स, श्नायडर, एबीबीपर्यंत बहुतेकांकडे या पट्ट्यात काही ना काही आहे. फॉल्टच्या वेळच्या लहरींची नोंद, व्होल्टेज इनपुट, जास्त आउटपुट संपर्क हवे असतील तर ४० ते ८० हजार धरा. आयईसी ६१८५० या संदेशवहनाच्या मानकावर बोलणारा पूर्ण फीडर रिले लाखाच्या पुढे जातो. ट्रान्सफॉर्मरचा डिफरन्शियल रिले सव्वा ते तीन लाख.

यातला डिफरन्शियल बहुतेक वाचकांना लागणारच नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम तो १० एमव्हीए आणि त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला सांगतात. १००० केव्हीएपासून पुढे बुकोल्झसारखे वायूच्या दाबावर चालणारे संरक्षण मात्र लागते. त्याचा संपर्क रिलेच्या इनपुटला किंवा वेगळ्या ऑक्झिलरी रिलेला जोडावा लागतो. म्हणून रिलेला मोकळे डिजिटल इनपुट किती आहेत हे ऑर्डरआधी मोजा. बुकोल्झ, तेलाचे तापमान, वाइंडिंगचे तापमान, ब्रेकरची स्थिती, ट्रिप कॉइलची देखरेख, एवढ्यातच पाच-सहा इनपुट संपतात. दोन इनपुटांचा स्वस्त रिले घेतला की बाकीच्यांसाठी ऑक्झिलरी रिले, वायरिंग आणि मजुरी वाढते, आणि वाचवलेले दहा हजार तिथेच जातात.

आयईसी ६१८५० चा आग्रह विक्रेते फार धरतात. एक इनकमर आणि दोन आउटगोइंग असलेल्या सबस्टेशनला तो नको. आरएस-४८५ वरचे मॉडबस पुरते. दोन इनकमर समांतर चालणार असतील, छतावरचा सोलर किंवा जनरेटर ग्रिडला जोडलेला राहणार असेल, तर मात्र व्होल्टेज इनपुटाचा, दिशा ओळखणारा रिले घ्या. तिथे काटकसर करू नये.

जुन्या सबस्टेशनमध्ये चकतीचे इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले अजून दिसतात. टीएमएस (वेळेचा गुणक) १ वर, सेटिंगच्या दहापट प्रवाहाला सुमारे तीन सेकंद, हा त्यांचा कायदा. नियमित टेस्टिंग होत असेल तर ते काम करतात. पण फॉल्ट किती अँपिअरचा होता, हे त्यांच्याकडून कळत नाही. धुळीने चकती अडकली तर तेही कळत नाही. न्यूमरिकल रिले आतून बिघडला तर वॉचडॉगचा संपर्क अलार्म देतो, अर्थात तो संपर्क कुणी हूटरला जोडला असेल तर! जुना काढून न्यूमरिकल बसवायचा असेल, तर पॅनेलचे दार कापणे, प्लेट, वायरिंग, टेस्ट टर्मिनल मिळून दर पॅनेलला दहा ते पंचवीस हजार वेगळे धरा.

सीटीकडे आधी बघा

रिले निवडताना सर्वांत दुर्लक्षित गोष्ट सीटी. १००० केव्हीए, २२ केव्हीला पूर्ण भाराचा प्रवाह साधारण २६ अँपिअर. म्हणून पॅनेलवाला ५०/१ चा सीटी देतो, वर्ग ५पी१०. आता हिशेब करू. ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स ५ टक्के असेल, तर एलटी टर्मिनलवर शॉर्टसर्किट झाल्यास एचटी बाजूला सुमारे ५२५ अँपिअर येतात. एलटीच्या फॉल्टला एचटी ब्रेकर क्षणात उडू नये, म्हणून तात्काळ ट्रिपचे सेटिंग त्याच्या १.३ पट, म्हणजे ६८० अँपिअरच्या आसपास ठेवतात. चार्ज करतानाचा झटका पूर्ण भाराच्या आठ ते बारा पट, म्हणजे फार तर तीनशेच्या थोडा वर जाणारा, त्यामुळे तोही यात बसतो.

पण ५०/१, ५पी१० सीटीची अचूकता ठरलेल्या बर्डनला (सीटीवर जोडलेल्या भाराला) ५०० अँपिअरपर्यंतचीच. त्यापुढे तो संपृक्त होऊ लागतो आणि रिलेला खरा प्रवाह दिसत नाही. म्हणजे जिथे रिलेने धावायचे, तिथेच त्याचे डोळे मिटलेले. न्यूमरिकल रिलेचे बर्डन अर्ध्या व्हीएच्याही खाली असते, त्यामुळे सीटी थोड्या जास्त प्रवाहापर्यंत टिकतो, हे खरे. तरी ५पी२० मागा. ऑर्डर देताना फरक थोडा असतो, पॅनेल बसल्यावर सीटी बदलायचा म्हणजे शटडाउन आणि पुन्हा टेस्टिंग.

आणखी एक गोष्ट कोटेशनात कुणी लिहीत नाही. आपल्याकडचे ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार असतात, त्यामुळे एलटी बाजूचा अर्थफॉल्ट एचटीच्या अर्थफॉल्ट रिलेला दिसत नाही. त्याचा फायदा असा की, एचटीचा अर्थफॉल्ट बराच संवेदनशील आणि जलद ठेवता येतो. तोटा असा की, एलटीसाठी वेगळी सोय हवी. न्यूट्रलमधला सीटी आणि एलटीच्या एअर सर्किट ब्रेकरच्या (एसीबी) रिलीजमधले अर्थफॉल्ट फंक्शन एवढे १००० केव्हीएला बहुधा पुरते. ‘एचटीला अर्थफॉल्ट दिला आहे की साहेब’ या उत्तरावर समाधान मानू नका.

बॅटरी

फॉल्टच्या वेळी व्होल्टेज कोसळते. त्या क्षणी रिले आणि ट्रिप कॉइल जिवंत ठेवायला डीसी लागतो. बॅटरी आणि चार्जरचा संच ६० हजार ते दीड लाखांपर्यंत जातो, म्हणजे अनेकदा रिलेपेक्षा महाग, आणि म्हणूनच तो गाळला जातो. कंट्रोल सप्लाय कुठून, असे विचारले की ‘पीटीतून (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरमधून) घेऊ’ असे उत्तर येते. जवळच्या फॉल्टमध्ये तोच पीटी सर्वांत आधी मरतो. जागा किंवा पैसा खरोखरच नसेल, तर सीटीच्याच प्रवाहावर चालणारा सेल्फ-पॉवर्ड रिले घ्या. तो ३५ ते ८० हजारांत मिळतो, आणि त्याला जुळणारी ट्रिप कॉइल लागते. कमी भारावर त्याचा डिस्प्ले बंद राहतो, तो दोष नव्हे.

बॅटरी असली तरी तिचे पाणी आणि व्होल्टेज दर महिन्याला कुणीतरी बघावे लागते. हे काम नेमून दिलेला माणूस नसेल, तर मेंटेनन्स-फ्री घ्या.

सेटिंग आणि टेस्टिंग

कारखान्यातून निघालेला रिले तुमच्यासाठी सेट केलेला नसतो. महावितरणच्या चाचणी विभागाकडून त्यांच्या फीडरचे सेटिंग आणि तुमच्या ठिकाणची फॉल्ट लेव्हल लेखी मागून घ्या. तुमचा रिले त्यांच्या रिलेपेक्षा साधारण ०.३ सेकंद आधी सुटला पाहिजे. हे अंतर राखले नाही, तर तुमच्या केबलच्या फॉल्टला वरचा फीडर उडतो आणि सगळी लेन अंधारात जाते. मग शेजारच्या कारखान्यांचे फोन.

कोऑर्डिनेशनचा अभ्यास लहान सबस्टेशनला २५ हजारांपासून, पसारा मोठा असेल तर लाखापर्यंत. सेकंडरी इंजेक्शन टेस्ट दर रिलेला तीन ते आठ हजार. विद्युत निरीक्षकांची चार्जिंगची परवानगी घेताना टेस्ट रिपोर्ट लागतोच, त्यामुळे हा खर्च टाळता येत नाही. मात्र ही टेस्ट दोन प्रकारे होते. एकात रिलेला प्रवाह देऊन स्क्रीनवर ‘ट्रिप’ आले की कागद भरतात. दुसऱ्यात ब्रेकर प्रत्यक्ष उघडून दाखवतात आणि वेळ मोजतात. पैसे दुसऱ्याला द्या. नंतर दरवर्षी, किंवा निदान दोन वर्षांतून एकदा, गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत हे उरकता येते.

विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्या : सीपीआरआय किंवा ईआरडीएचा टाइप टेस्ट रिपोर्ट, सेटिंगचे सॉफ्टवेअर फुकट की परवान्याचे, पासवर्ड तुमच्या ताब्यात राहील का, आणि मॉडेल बंद झाले तर सुटे भाग किती वर्षे मिळतील. शेवटचा प्रश्न फालतू नाही. एल अँड टीचा स्विचगिअरचा व्यवसाय २०२० मध्ये श्नायडरकडे गेला. दारावर जुने नाव असलेली कितीतरी पॅनेले अजून चालू आहेत, आणि कोणत्या मॉडेलला आधार मिळतो हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

एकूण हिशेब असा : १००० केव्हीएच्या, एका ट्रान्सफॉर्मरच्या सबस्टेशनसाठी २५ ते ४० हजारांचा साधा न्यूमरिकल रिले पुरेसा आहे, फक्त त्याला दुसऱ्या हार्मोनिकचे ब्लॉकिंग (चार्जिंगच्या झटक्याला ट्रिप रोखणारे), पाच-सहा इनपुट आणि घटनांची नोंद असावी. लाखाचा रिले घ्यायला मन तयार असेल, तर उरलेले साठ हजार बॅटरीवर, ५पी२० सीटीवर आणि ब्रेकर उघडून दाखवणाऱ्या टेस्टिंगवर घाला.