नांगरापासून नगरीपर्यंत : नवा उद्योग कशाने रुजतो?

एखादा उद्योग यशस्वी झाला की त्याचे श्रेय उद्योजकाच्या जिद्दीला दिले जाते. ते योग्य आहे. परंतु तेवढे पुरेसे नाही. बी कितीही कसदार असले तरी त्याला जमीन, पाणी आणि मुदत लागते. उद्योगाचेही तसेच आहे. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

हातातील कसब

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग ओळखण्यात त्यांची दृष्टी उणी असल्याचे आढळल्यामुळे चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. त्यांनी यांत्रिक रेखाचित्रणाकडे मोर्चा वळविला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत अध्यापन केले. तेथील यंत्रशाळेत त्यांचा हात यंत्रांवर बसला. याच काळात वडील बंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. कारखाना उभा राहण्यापूर्वी कसब हाती आले होते आणि व्यापाराचा अनुभवही गाठीला होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

गरज खरी, पण गिऱ्हाईक साशंक

बेळगावच्या छोट्या कारखान्यात प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर तयार झाला. खोल नांगरटीची शेतकऱ्याला गरज होती. तथापि लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी समजूत प्रचलित होती. पहिले मोजके नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या काळात उत्पादकाने शेतकऱ्याला दोष दिला नाही. नांगरात सुधारणा केल्या आणि तो शेतकऱ्याच्या नजरेस आणून दिला.

नव्या वस्तूच्या वाट्याला असा खडतर काळ बहुधा येतोच. खर्च चालू असतो आणि आवक नसते. पुष्कळ उद्योग मोडतात ते कल्पना चुकीची असते म्हणून नव्हे, तर या काळात तग धरण्याइतके भांडवल नसते म्हणून. किर्लोस्कर बंधूंना तगवून धरण्यात त्यांच्या आधीच्या धंद्याचा आधार महत्त्वाचा ठरला.

जागा आणि विश्वास

कारखाना मार्गी लागत असतानाच नगराच्या विस्तारासाठी बेळगावातील जागा सोडण्याची वेळ आली. यंत्रे, भट्टी आणि कारागीर घेऊन जावे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलनजीकची सुमारे ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. मार्च १९१० मध्ये निवडुंगाने माजलेल्या त्या माळावर वसाहतीस प्रारंभ झाला.

हा माळ ओसाड होता. मात्र रेल्वेचे स्थानक जवळ होते. लोखंड व कोळसा आणणे आणि तयार माल धाडणे त्यामुळे शक्य झाले. फुकट मिळालेल्या जमिनीपेक्षा रस्त्यालगतची किंवा रेल्वेलगतची जमीन उद्योगाला अधिक उपयोगी पडते, हा धडा यातून मिळतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. नांगराचा कारखाना चालेलच, अशी हमी १९१० मध्ये कोणीही देऊ शकले नसते. औंधच्या अधिपतींनी जोखीम पत्करली ती माणूस पारखून आणि निर्णय वेळेवर घेऊन. एका ठिकाणी उद्योग उखडला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी तोच रुजला. उद्योजक तोच होता, नांगरही तोच होता. बदलले होते ते स्थानिक सत्तेचे धोरण.

माणसे आणि बाजारपेठ

शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर यांसारखे सहकारी लाभल्यामुळे यंत्रशाळा आणि व्यवस्था यांची जबाबदारी वाटली गेली. कामगारांसाठी घरे झाली, वसाहत उभी राहिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्च्या मालाची टंचाई जाणवली. त्यावरही मार्ग काढावा लागला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या मासिकाने कारखान्याचे नाव दूरवर पोहोचविले. पुढे पंपांचे उत्पादन सुरू झाले आणि नांगराइतकेच पंपानेही शेतकऱ्याशी नाते जोडले.

आज काय करता येईल?

औंधच्या अधिपतींनी जे व्यक्तिशः केले, त्यासाठी आज संस्था आहेत. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. जिल्हा उद्योग केंद्रांची योजना १९७८ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून प्रशिक्षणाचे कार्य करीत आहे. २०१६ मध्ये केंद्र शासनाने ‘स्टार्टअप इंडिया’ ही योजना जाहीर केली. तरीही संस्था आणि होतकरू तरुण यांच्यातील अखेरचा दुवा गावातच असतो.

शिक्षकांनी विद्यार्थ्याच्या हाती पुस्तकाबरोबर हत्यारही द्यावे. एका विषयात मागे पडलेला मुलगा दुसऱ्या विषयात प्रवीण ठरू शकतो, हे लक्ष्मणरावांच्या उदाहरणावरून दिसते. पंचायत सदस्यांनी गावातील पडीक जागा, पाणी, वीज व रस्ता यांची नोंद तयार ठेवावी आणि मागितलेल्या दाखल्याचा निर्णय, होकार असो वा नकार, मुदतीत द्यावा. अधिकाऱ्यांनी पहिल्या वर्षीच्या विक्रीवरून उद्योगाची पारख करू नये; गिऱ्हाईकाचे ऐकून वस्तू सुधारण्याची तयारी उद्योजकापाशी आहे की नाही, हे पाहावे.

न खपणाऱ्या नांगरांकडे पाहून त्या दोन वर्षांत कोणीही हा उद्योग फसला असे म्हटले असते. आज एखाद्या गावात असाच नांगर गिऱ्हाइकाची वाट पाहत पडला असेल. त्याच्या निर्मात्याला उठवायचे की बसवायचे, हा निर्णय पुष्कळदा पंचायतीच्या कचेरीतील एका अर्जावर होतो.