विद्यापीठासाठी लॅपटॉप घेताना

ऑगस्टच्या मध्यास ए-लेव्हलचे निकाल लागतात आणि सप्टेंबरअखेर मुले विद्यापीठात जातात. मधल्या पाच-सहा आठवड्यांत चादरी, भांडी, प्रेशर कुकर यांच्याबरोबर लॅपटॉपची खरेदीही घाईघाईत उरकली जाते. आठशे-हजार पौंडांची ही वस्तू निदान पदवी पूर्ण होईपर्यंत टिकायला हवी. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी थोडी चौकशी केलेली बरी.

पहिला प्रश्न कंपनीचा नव्हे, अभ्यासक्रमाचा. इतिहास किंवा कायदा शिकणाऱ्याला कोणताही बरा लॅपटॉप चालतो. तांत्रिक विषयांचे तसे नाही. यांत्रिक अभियांत्रिकीतले सॉलिडवर्क्स, वास्तुशास्त्रातले रेव्हिट आणि भूगोलातले आर्कजीआयएस प्रो हे तिन्ही प्रोग्रॅम विंडोजसाठीच बनवलेले आहेत. ऑटोकॅड व मॅटलॅब मॅकवरही चालतात. पूर्वी मॅकवर बूट कॅम्प वापरून विंडोज बसवता येई. २०२० च्या अखेरीस ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले, त्यांवर ती सोय नाही. मॅक टिकाऊ खराच, पण मैत्रिणीने घेतला हे काही कारण नव्हे! स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉपही बाजारात आहेत. त्यांची बॅटरी छान पुरते, मात्र सगळेच तांत्रिक प्रोग्रॅम त्यांवर नीट चालतील अशी खात्री नाही. अशा अभ्यासासाठी इंटेल किंवा एएमडीची चिप घ्यावी.

यासाठी विभागाला एक ईमेल करावी. कोणते प्रोग्रॅम लागतात, ते विद्यापीठाकडून मिळतात का, प्रयोगशाळेतले संगणक घरून वापरता येतात का, हे विचारावे. ऑटोडेस्कचे प्रोग्रॅम विद्यार्थ्यांना मोफत मिळतात. त्यांवर पैसे घालवू नयेत.

तांत्रिक कामाला मेमरी १६ जीबीपेक्षा कमी नको. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड त्रिमितीय आराखडे करणाऱ्यांनीच घ्यावे. त्याने किंमत वाढते आणि वजनही. अडीच किलोंचे यंत्र व जाडजूड चार्जर रोज पाठीवर वाहायचे आहे, हे विसरू नये. खोलीत तासन्‌तास काम करताना मान खाली राहते, म्हणून स्टँड आणि वेगळा कीबोर्ड हा थोडक्यात होणारा, पण उपयोगी खर्च.

पैसे वाचवायचे असतील तर कंपन्यांच्या वापरातून आलेले, दुरुस्त करून विकलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक पाहावेत. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून विंडोज ११ चालते याची खात्री करावी. भारतातून कोणी येताना आणलेला लॅपटॉप स्वस्त वाटतो. पण त्याची वॉरंटी येथे चालतेच असे नाही आणि बिघाड झाल्यास येथल्या दुकानदाराकडे दादही मागता येत नाही.

येथल्या दुकानातून घेतलेल्या वस्तूला २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचे संरक्षण आहे. सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुकानदाराला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी द्यावी लागते. पहिल्या सहा महिन्यांत दोष मुळातच नव्हता हे सिद्ध करणे ही त्याची जबाबदारी. 'कंपनीकडे जा' हे उत्तर ऐकून परत फिरू नये. आपला करार दुकानदाराशी असतो. खाजगी व्यक्तीकडून जुना लॅपटॉप घेतल्यास हे बहुतेक हक्क मिळत नाहीत. पालकांनी स्वतःच्या नावे, स्वतःच्या क्रेडिट कार्डावर खरेदी केली, तर १०० पौंडांवरील वस्तूसाठी १९७४ च्या कायद्याच्या कलम ७५ नुसार बँकही जबाबदार ठरते. दुकान बुडाले तर हे फार उपयोगी पडते.

मुलाला डिस्लेक्सिया किंवा दीर्घकालीन आजार असल्यास इंग्लंडमधील रहिवासी विद्यार्थ्यांसाठी डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स आहे. गरज मान्य झाल्यास संगणकाच्या खर्चातील पहिले २०० पौंड विद्यार्थ्याने भरायचे असतात. ही मदत उत्पन्नावर अवलंबून नसते आणि फेडावीही लागत नाही. आपल्याकडे अशा गोष्टी झाकून ठेवण्याची सवय फार, त्यामुळे अर्जच केला जात नाही. अर्ज मात्र लॅपटॉप घेण्याआधी करावा. मंजुरीपूर्वी केलेला खर्च सहसा परत मिळत नाही.