सोयाबीन काढणीआधी वाचा: हार्वेस्टरचं ‘युरिया पाणी’ (डेफ)



सोयाबीन काढणी तोंडावर आली. नवा हार्वेस्टर, मोठा ट्रॅक्टर किंवा बीएस-6 मालवाहू गाडी असलेल्यांनी हा मेसेज पूर्ण वाचावा. डिझेल टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी असेल, तर तुमच्या गाडीला डेफ लागतं. 50 एचपीवरच्या ट्रॅक्टरना जानेवारी 2023 पासून धुराचे नवे नियम लागू झाले, पण त्या सगळ्यांनाच डेफ लागतं असं नाही. निळं झाकण नसेल तर काळजी नको.

डेफ इंजिनात जात नाही. ते सायलेन्सरच्या वाटेवर गरम धुरात फवारलं जातं. तिथे त्याचा अमोनिया होतो आणि धुरातला विषारी वायू साध्या नायट्रोजन आणि वाफेत बदलतो. यात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. म्हणूनच ड्रायव्हर लोक त्याला ‘युरिया’ म्हणतात, आणि घोटाळा या नावातच आहे.

*घरातल्या गोणीचा युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओतू नका.* आपल्या खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. त्यात बाययुरेट नावाचा घटक 1.5 टक्क्यापर्यंत चालतो, डेफमध्ये मात्र 0.3 टक्क्याच्या वर चालत नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार वेगळेच. हे सगळं फवारणीच्या बारीक नोझलमध्ये आणि पुढच्या जाळीवर जाऊन बसतं. जाळी बदलायचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो आणि वॉरंटीही मिळत नाही. शिवाय अनुदानाचं खत शेतीबाहेर वापरणं गुन्हा आहे. कोणी म्हणेल, ऊस-द्राक्षाच्या रिफ्रॅक्टोमीटरसारख्या मीटरवर रीडिंग बरोबर येतं. येईलही. पण तो मीटर फक्त किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते नाही.

आता साठवणुकीचं. मार्चमध्ये हरभरा-गहू काढणीला आणलेला डबा पत्र्याच्या शेडमध्ये राहतो, एप्रिल-मे तिथेच तापतो, आणि दसऱ्याच्या सुमारास तोच टाकीत जातो. असं आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी होतं. सीलबंद डेफ 25 अंशाला साधारण 18 महिने टिकतं, 30 ला 12 महिने आणि 35 ला जेमतेम 6 महिने. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको. उन्हात डेफमधल्या युरियाचा अमोनिया होऊन उडून जातो. म्हणून डब्यावरची तारीख बघा. उघडल्यावर नाकाला झोंबेल असा वास आला, रंग पिवळट किंवा गढूळ दिसला, तर टाकीत घालू नका. असं जुनं डेफ भरपूर पाण्यात मिसळून उकिरड्यावर किंवा कंपोस्टवर ओता. शेवटी तो युरियाच आहे. तेल-डिझेल मिसळलं असेल तर मात्र तेही नको.

साठाच कमी ठेवा. डिझेलच्या साधारण 3 ते 5 टक्के डेफ लागतं. म्हणजे 100 लिटर डिझेलला 3 ते 5 लिटर. हंगामाचा हिशेब करून तेवढंच घ्या, उरवून ठेवू नका. डबा सावलीत, जमिनीपासून थोडा उंच फळीवर, झाकण घट्ट लावून ठेवा. भांडं मूळ प्लास्टिकचंच हवं. पत्र्याचा पिंप, पितळी तोटी, तांबं, ॲल्युमिनियम नको. डेफ धातू खातं आणि तो धातू टाकीत जातो.

भरताना डिझेलचं नरसाळं वापरू नका, नुसतं फडक्याने पुसूनही नाही. डेफसाठी वेगळं नरसाळं ठेवा, त्यावर खूण करा. झाकणाभोवतीची धूळ-भुसकट आधी पुसा. पंपावर डेफची नळी बारीक असते, त्यामुळे डिझेलची नळी चुकून त्यात बसत नाही. पण शेतात डब्याने भरताना ती सोय नसते, विशेषतः रात्री. *चुकून डिझेलच्या टाकीत डेफ किंवा डेफच्या टाकीत डिझेल गेलं, तर चावीसुद्धा फिरवू नका.* आहे तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. चालू न केलेल्या गाडीची टाकी रिकामी करून धुता येते. चालू केली की पंप ते पुढे ओढतो.

इंजिन बंद केल्यावर लगेच बॅटरीचा मेन स्विच काढू नका. नळीतलं डेफ परत टाकीत ओढलं जातं, त्याला एक-दोन मिनिटं लागतात. सांडून वाळलेली पांढरी पावडर साध्या पाण्याने धुऊन टाका. हाताला लागलं तरी तसंच करा.

आणि जनावरं. 20 लिटरच्या डब्यात जवळपास 7 किलो युरिया असतो. गाय-म्हैस हे प्यायली तर पोट फुगून, थरथर सुटून थोड्या वेळात दगावू शकते. डबा गोठ्यात ठेवू नका आणि रिकाम्या डब्यातून जनावरांना पाणी पाजू नका. प्यायल्याची शंका आली तर थांबू नका, तेव्हाच पशुवैद्यकांना फोन करा आणि डेफ म्हणजे युरियाचं पाणी पोटात गेलंय, असं स्पष्ट सांगा.