वारा, वीज व वणवा

घरांतील विजेचा दिवा एकाएकीं मालवला म्हणजे आपण तर्क करूं लागतों कीं, कोठें तरी तार तुटली असेल, रोहित्र जळालें असेल, अथवा विजेचा तुटवडा पडून भारनियमन सुरू झालें असेल. यांपैकीं कारण कोणतेंही असो, वीज देणाराची इच्छा ती देण्याचीच असते. देणें त्याला शक्य होत नाहीं, इतकेंच. परंतु तारा धड आहेत, यंत्रें चालू आहेत, वीजही भरपूर आहे, आकाशांत ढगाचा मागमूस नाहीं, आणि तरीही वीज कंपनी आगाऊ सूचना देऊन लाखों घरांची वीज आपण होऊन बंद करते, असा प्रकार आमच्या बहुतेक वाचकांच्या ऐकिवांत नसेल. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत हा प्रकार आतां चांगलाच परिचयाचा झाला आहे. वादळी वाऱ्यांत विजेच्या तारांपासून वणवा पेटूं नये, एवढ्यासाठीं तेथें हा अंधार पत्करतात. असें कां करावें लागतें, त्यापासून लाभ कोणता, आणि त्याचा भार कोणावर पडतो, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम त्या प्रदेशाचें हवामान ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्याच्या पाठोपाठ पाऊस येतो आणि तापलेली भूमि शांत होते. कॅलिफोर्नियांत हा क्रम निराळा आहे. तेथें पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यांत. उन्हाळा बहुधा कोरडाच जातो. त्यामुळें ऑक्टोबर महिन्यांत, ज्या वेळीं सह्याद्रीच्या उतारावरील गवत अजून पुरतें वाळलेलेंही नसतें, त्या वेळीं तेथील डोंगरांवरील गवत व झुडपें अनेक महिने पावसाच्या थेंबावांचून उभीं असतात. एक ठिणगीही त्यांना पुरे होते.

नेमक्या याच दिवसांत तेथें एक विशिष्ट वारा सुटतो. राज्याच्या पूर्वेस नेवाडा व यूटा यांकडे उंच पठारी प्रदेश आहे. त्या पठारावर हवेचा दाब वाढला म्हणजे तेथील कोरडी हवा डोंगर ओलांडून समुद्राकडे वेगानें खालीं उतरते. दक्षिण भागांत या वाऱ्यास सांता आना म्हणतात, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास त्यास डायब्लो असें नांव आहे. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाची नळी गरम होते, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्यास आहे. हवा दाबली कीं तापते. उंचावरून खालीं येणारी हवाही वाढत्या दाबामुळें अशीच तापते. दर हजार मीटर उतरणीस तिचें उष्णतामान सुमारें १० अंश सेल्सियसनें वाढतें. तापलेल्या हवेंतील सापेक्ष आर्द्रता घटते, आणि मुळांत कोरडी असलेली ती हवा अधिकच कोरडी होऊन, वाटेंतील झाडापानांत राहिलासाहिला ओलावाही शोषून घेते. म्हणजे एकाच वाऱ्यानें सरपण वाळतें, तारा हेलकावतात, आणि पेटलेली आग पुढें ढकलली जाते.

आतां तारेपासून आग कशी लागते तें पाहूं. २००७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत सॅन डिएगो शहराच्या परिसरांत मोठे वणवे पेटले. त्यांतील तिघांचा संबंध विजेच्या तारांशीं असल्याचें चौकशींत आढळलें. एका ठिकाणीं वाऱ्यानें झोके खाणाऱ्या विजेच्या तारा एकमेकींस भिडून ठिणग्या पडल्या. दुसऱ्या ठिकाणीं झाडाची फांदी तारेवर कोसळली. तिसऱ्या ठिकाणीं खांबावरील दूरसंदेशाची तार विजेच्या तारेस लागली. येथें एखादा चौकस विद्यार्थी विचारील कीं, असा दोष उत्पन्न होतांच प्रवाह तोडण्यासाठीं वितळतार व आपोआप उघडणारे स्विच असतात ना? असतात खरे, परंतु ते काम करीपर्यंत वितळलेल्या धातूचे कण खालीं पडलेले असतात. ओल्या जमिनीवर ते विझून जातात. वाळलेल्या गवतावर पडले तर विझत नाहींत. अशा दिवशीं खात्रीचा उपाय एकच उरतो, तो म्हणजे तारेंत वीजच न ठेवणें.

हा उपाय प्रथम सॅन डिएगोच्या वीज कंपनीनें सुचविला. २००८ सालीं तिनें तशी योजना राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगापुढें मांडली. परंतु वीज बंद केल्यानें उत्पन्न होणाऱ्या संकटांचा पुरेसा विचार तींत झालेला नाहीं, या मुद्द्यावर २००९ सालीं ती नामंजूर झाली. पुढें २०१२ सालीं आयोगानें कंपनीचा हा अधिकार मान्य केला. मात्र वीज बंद करणें हा शेवटचा उपाय असावा, लोकांस शक्य तितकी आगाऊ सूचना द्यावी, आणि झालेल्या निर्णयाचीं कारणें मागाहून आयोगास पटवून द्यावीं, असें बंधन घातलें. २०१८ सालीं हेच नियम राज्यांतील इतर खासगी वीज कंपन्यांसही लागू करण्यांत आले.

त्याच वर्षीं या प्रश्नाचें गांभीर्य साऱ्या जगास कळून आलें. सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांवर पॅराडाइज नांवाचें सुमारें २६ हजार वस्तीचें गांव होतें. ८ नोव्हेंबर २०१८ रोजीं सकाळीं जवळच्या दरींतील उच्च दाबाच्या एका वाहिनीवर, जो लोखंडी आंकडा तारेचा भार मनोऱ्यावर तोलून धरीत असे, तो तुटला. ही वाहिनी १९२१ च्या सुमारास उभारलेली होती. जवळ जवळ शंभर वर्षें वाऱ्यानें घासून घासून तो आंकडा झिजत आला होता. तार सुटून मनोऱ्यास लागली, ठिणग्या खालच्या गवतांत पडल्या, आणि कांहीं तासांतच पॅराडाइज गांव बहुतांशीं जळून गेलें. ८५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीनें २०२० सालीं न्यायालयांत सदोष मनुष्यवधाचे ८४ आरोप मान्य केले.

या हकीकतींतील एक गोष्ट विशेष मनन करण्याजोगी आहे. वारा सुटणार हें कंपनीस ठाऊक होतें. वीज बंद होण्याचा संभव आहे, अशी सूचना तिनें लोकांस आधींच दिली होती. शेवटीं वीज बंद झाली नाहीं. आणि झाली असती तरी ज्या वाहिनीपासून आग लागली, तितक्या उच्च दाबाच्या तारांचा त्या वेळच्या योजनेंत समावेशच नव्हता. स्विच बंद करण्याची सोय झाली म्हणजे झिजलेला आंकडा बदलण्याचें कर्तव्य टळतें, असें कोणी समजूं नये.

या अनर्थानंतर कंपनीनें पुढल्या वर्षीं अगदीं उलट टोक गांठलें. ९ ऑक्टोबर २०१९ पासून तिनें उत्तर व मध्य कॅलिफोर्नियांतील ७ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज टप्प्याटप्प्यानें बंद केली. येथें एक ग्राहक म्हणजे एक वीजजोडणी. माणसें मोजलीं तर तीं २० लाखांहून अधिक भरतात. त्याच महिन्याच्या अखेरीस बंद जोडण्यांची संख्या ९ लाखांच्या वर गेली. शाळा मिटल्या, बर्कली येथील विद्यापीठाचे वर्ग बंद राहिले, दुकानांतील नाशवंत माल फुकट गेला. ज्या घरांस विहिरीचें पाणी पंपानें मिळतें, तेथें पाणीही येईनासें झालें. मॅरिन जिल्ह्यांत मोबाइलचे निम्म्याहून अधिक मनोरे बंद पडले. म्हणजे वणव्याची सूचना ज्या साधनानें मिळावयाची, तेंच साधन मुकें झालें. उत्तरेकडील हंबोल्ट जिल्ह्यांत तर वाऱ्याचें भय नसतांही अंधार झाला. कारण त्या जिल्ह्यास वीज पुरविणाऱ्या वाहिन्या वाऱ्याच्या प्रदेशांतून जात होत्या. माहितीसाठीं लोक कंपनीच्या संकेतस्थळाकडे धांवले, तों तेंही गर्दीनें बंद पडलें. या ढिसाळपणाबद्दल आयोगानें पुढें कंपनीस १० कोटी डॉलरांहून अधिक दंड ठरविला.

मग या अंधारापासून लाभ तरी कांहीं झाला कीं नाहीं? येथेंच खरी अडचण आहे. विझलेला दिवा प्रत्येकाच्या डोळ्यांस दिसतो. न पेटलेला वणवा कोणासच दिसत नाहीं. तथापि या लाभाचा अंदाज घेण्याचें एक साधन आहे. वारा थांबल्यावर वीज पुनः सुरू करण्यापूर्वीं कंपनीचीं माणसें हेलिकॉप्टरांतून, मोटारींतून व पायीं फिरून प्रत्येक वाहिनी डोळ्यांनीं तपासतात. ऑक्टोबर २०१९ च्या त्या पहिल्या मोठ्या प्रसंगानंतर शंभराहून अधिक ठिकाणीं तारा तुटलेल्या, खांब मोडलेले किंवा फांद्या तारांवर पडलेल्या आढळल्या. या प्रत्येक ठिकाणीं वणवा पेटलाच असता असें म्हणतां येत नाहीं. पण त्यांतील एका ठिकाणींही दुसरें पॅराडाइज झालें नसतें, अशी हमी कोण देईल?

अर्धवट काळजीचें फळ काय मिळतें, हें त्याच महिन्यांत दिसून आलें. २३ ऑक्टोबर २०१९ रोजीं सोनोमा जिल्ह्यांत कंपनीनें कमी दाबाच्या तारा बंद केल्या, पण उच्च दाबाची एक वाहिनी चालू ठेवली. त्याच वाहिनीवरील एक जोडतार तुटून किंकेड नांवानें ओळखला जाणारा वणवा पेटला. त्यांत ७७ हजारांहून अधिक एकर प्रदेश जळाला. सुदैवानें मनुष्यहानि झाली नाहीं. पण सुमारें १ लाख ९० हजार लोकांना घरेंदारें सोडून जावें लागलें.

वारा पडल्याबरोबर वीज कां देत नाहींत, म्हणून लोक चिडतात. याचें उत्तर हवाई बेटांतील लाहाइना गांवाच्या कथेंत आहे. ८ ऑगस्ट २०२३ रोजीं माउई बेटावर प्रचंड वारा वाहत होता. पहांटेच तारा तुटून पडल्या होत्या. पुढें त्या तुटक्या तारांत पुनः वीज सोडली गेली आणि सकाळीं गवतास आग लागली, असें चौकशींत निष्पन्न झालें. ती आग विझली असें वाटलें. पण राखेंत राहिलेला निखारा दुपारीं वाऱ्यानें पुनः फुलला, आणि लाहाइनाचा मोठा भाग भस्मसात् होऊन १०२ माणसें मेलीं. वाऱ्याच्या दिवशीं आपण होऊन वीज बंद करण्याची योजना तेथील वीज कंपनीनें त्यानंतर, जुलै २०२४ पासून, अंमलांत आणली. तारा तपासण्यांत जाणारा वेळ लोकांस व्यर्थ वाटतो; लाहाइनाच्या कथेवरून त्या वेळाची किंमत कळते.

परंतु वीज बंद करणाराचें काम एवढ्यानें संपत नाहीं. कृत्रिम श्वसनयंत्रावर ज्याचा जीव अवलंबून आहे, अशा रुग्णाच्या घरीं दोन दिवस वीज नसणें ही केवळ गैरसोय नव्हे. ज्याच्यापाशीं पैसा आहे तो जनित्र विकत घेतो. एकट्या वृद्धेनें काय करावें? वणव्यापासून बचाव सर्वांचा होतो, पण त्याचें मोल दुर्बळास अधिक द्यावें लागतें. म्हणून तेथें आतां विद्युत्-उपकरणांवर जगणाऱ्या रुग्णांची नोंद ठेवून त्यांस आगाऊ कळवितात, आणि पाणी, वैद्यकीय उपकरणांसाठीं वीज व माहिती मिळेल अशीं मदत-केंद्रें उघडतात. तरीही ज्याची नोंद झालेली नाहीं त्याची आठवण कागदास राहत नाहीं. ती शेजाऱ्यानेंच ठेवावी लागते. आपल्या गल्लींतील वीज वादळानें गेली काय किंवा भारनियमनानें गेली काय, आपला दिवा शोधून झाला म्हणजे शेजारच्या आजाऱ्याची विचारपूस करावी, हा शेजारधर्म तेथें आणि येथें सारखाच आहे.

आपल्या वैद्यकांत औषध व पथ्य असा भेद केला आहे. वाऱ्याच्या दिवशीं वीज बंद ठेवणें हें पथ्य होय. त्यानें रोग बळावत नाहीं, पण बरा होत नाहीं. औषध निराळें आहे. तारांजवळचीं झाडें छाटणें, उघड्या तारांवर आच्छादन घालणें, जीर्ण भाग वेळेवर बदलणें, वाहिन्यांचे लहान लहान विभाग पाडणें, म्हणजे एका दरींतील वाऱ्यासाठीं सारा जिल्हा अंधारांत जाणार नाहीं. दोष होतांच सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत प्रवाह तोडणारी यंत्रें बसविणें. आणि जेथें धोका फार तेथें तारा जमिनीखालून नेणें. पॅसिफिक कंपनीनें २०२१ सालीं १० हजार मैल तारा जमिनीखालीं नेण्याचा संकल्प जाहीर केला. हें काम अत्यंत खर्चाचें व अनेक वर्षांचें आहे, आणि तो खर्च शेवटीं ग्राहकांच्या बिलांतूनच निघतो.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींजण पुढें अभियंते होतील, कांहीं अधिकारी होतील. एखादे दिवशीं त्यांच्याही हातीं असा कोणता तरी स्विच येईल, कीं जो बंद केला तर हजारों लोक दोष देतील, आणि न केला तर कदाचित् कोणी दोष द्यावयास उरणार नाहीं. त्या वेळीं लोकनिंदेच्या भयानें हात आंखडूं नये. पण बंद करणें सोपें आहे म्हणून त्याची संवयही लावून घेऊं नये. दर वर्षीं तो स्विच कमी वेळां बंद करावा लागेल, अशी व्यवस्था जो करील, त्यालाच तो बंद करण्याचा अधिकार शोभतो.