‘लॉर्ड’ या किताबाचा अर्थ व उगम

अर्वाचीन इतिहासाच्या पाठांत डलहौसी, बेंटिंक, कर्झन इत्यादी नावांपूर्वी ‘लॉर्ड’ हा शब्द वारंवार येतो. पुष्कळ मुले तो त्या गृहस्थाच्या नावाचाच भाग समजतात. काहींना तो गव्हर्नर-जनरलचा हुद्दा वाटतो. गव्हर्नराला ‘लाटसाहेब’ म्हणण्याचा प्रघात आपल्या बोलीतही होता, आणि हा ‘लाट’ म्हणजे लॉर्डच. तेव्हा मुलांना दोष देता येत नाही. वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर-जनरल होता, परंतु लॉर्ड कधीच झाला नाही, एवढे सांगितले तरी हुद्दा निराळा व किताब निराळा हे वर्गाच्या ध्यानी येते.

शब्दाचा उगम मोठा मौजेचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफ’ म्हणजे भाकरी व ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार. ज्याच्या घरची भाकरी आश्रितांनी खावी असा धनी तो ‘ह्लाफवेअर्ड’. उच्चारात झिजत झिजत त्याचा ‘लॉर्ड’ झाला. ‘लेडी’ ही मूळची भाकरीचे पीठ मळणारी. आणि चाकराला ‘भाकरी खाणारा’ असा शब्द त्या भाषेत होता. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण ज्या मुलांना ठाऊक आहे, त्यांना हे नाते निराळे समजावून द्यावे लागणार नाही.

पुढे इंग्लंडात उमरावांच्या पाच पायऱ्या ठरल्या: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट व बॅरन. ‘ड्यूक’ हा लॅटिनमधील सेनानायकवाचक शब्दापासून आला, तर ‘मार्क्विस’ म्हणजे मूळचा सरहद्दीचा रक्षक. ड्यूकखालील चारही उमरावांना व्यवहारात ‘लॉर्ड’ म्हणतात. मात्र त्यापुढे येते ते बहुधा किताबाचे नाव. १८४८ साली सातारचे राज्य खालसा करणाऱ्या डलहौसीचे स्वतःचे नाव जेम्स. डलहौसी हे स्कॉटलंडातील स्थळाचे नाव. तो आला तेव्हा अर्ल होता, व पंजाब खालसा केल्यावर १८४९ मध्ये त्यास मार्क्विस करण्यात आले. बढती कशाबद्दल मिळाली, हे वर्गात अवश्य विचारावे.

लॉर्ड विल्यम बेंटिंकच्या बाबतीत ‘लॉर्ड’पुढे पाळण्यातले नाव येते, ते का? तो पोर्टलंडच्या ड्यूकचा धाकटा मुलगा. ड्यूकच्या धाकट्या मुलांना केवळ मानाखातर ‘लॉर्ड’ म्हणतात. तो स्वतः उमराव नव्हता.

सर्वांत अधिक घोटाळा दोन हेस्टिंग्जांचा होतो. वॉरन हेस्टिंग्ज १७८५ मध्ये परत गेला. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली, त्या वेळचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज हा दुसराच होता. दोघांची नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. ‘लॉर्ड’ हा एकच शब्द दोघांना वेगळे करतो.

हा किताब एका हिंदी गृहस्थासही मिळाला होता. बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा १९१९ मध्ये रायपूरचे बॅरन झाले. बापामागून मुलाकडे जाणाऱ्या या मानाला इंग्लंडातही पुढे ओहोटी लागली. १९५८ च्या कायद्याने हयातीपुरते उमराव नेमण्याची वाट प्रशस्त झाली, व १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत उमरावांची वरिष्ठ सभागृहातील जागा गेली.

भारतीय संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी व विद्याविषयक पदव्या वगळता राज्याला कोणताही किताब देता येत नाही, आणि परकीय राज्याचा किताब नागरिकास स्वीकारता येत नाही. येथे एखादा चौकस विद्यार्थी ‘पद्मश्री’चे काय, असे विचारील. हे सन्मान किताब नव्हेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. मात्र ते नावापूर्वी वा नावानंतर जोडावयाचे नाहीत, असेही त्यात स्पष्ट केले आहे.