संगीत, यंत्र आणि पडद्यावरची मांडणी

घरी बसून संगीत ध्वनिमुद्रित करणे आता फार खर्चाचे राहिलेले नाही. एक संगणक, एक मायक्रोफोन आणि एखादे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते. परंतु ज्याला गाता-वाजवता येते त्याला हे सॉफ्टवेअर चालवता येतेच असे नाही. माझे वडील भजनात पखवाज वाजवतात. लयीत त्यांचा हात कधी ढळत नाही. पण असा पडदा समोर आला की "हे तुम्हा शिकलेल्यांचं" म्हणून ते मागे सरकतात. उणीव त्यांच्यात आहे की पडद्याच्या मांडणीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम नॉबचा विचार करू. स्टुडिओतल्या मिक्सरवरील नॉब चिमटीत धरून फिरवायचा असतो. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी त्याचेच चित्र पडद्यावर काढले. २००० साली आलेल्या 'रीझन' या स्वीडिश सॉफ्टवेअरने तर यंत्रांची अख्खी मांडणीच रंगवली. 'टॅब' कळ दाबली की ती फिरून तिची पाठ दिसते आणि मागच्या वायरी लोंबताना दिसतात! गंमत खरीच. ज्यांनी खरा स्टुडिओ पाहिला आहे त्यांना ही ओळखीची खूण वाटते. ज्यांनी तो पाहिलाच नाही त्यांना मात्र ते चित्र काहीच सांगत नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी हा नॉब माउसने सरळ वर-खाली ओढावा लागतो. चित्र म्हणते 'फिरव', आणि हाताला करावे लागते 'ओढ'. त्यापेक्षा साधी उभी सरकपट्टी अधिक प्रामाणिक नाही का?

मांडणी सुधारता येते याचे चांगले उदाहरण म्हणजे 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर. पूर्वी त्यात आवाजाचा तुकडा पुढे-मागे करायचा तर आधी त्यासाठीचे वेगळे हत्यार निवडावे लागे. २०२१ च्या ३.१ या आवृत्तीपासून तुकड्याच्या माथ्यावरची पट्टी धरून तो थेट सरकवता येतो. बदल लहान दिसतो. पण नवख्याची एक अडचण त्याने मुळातूनच काढली.

याहून खोल प्रश्न सुरांचा आहे. सूर लिहिण्यासाठी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे पियानोच्या पट्ट्या उभ्या मांडलेल्या असतात आणि त्यांच्यासमोर चौकटी. सप्तकात १२ ओळी. या चौकटींत मींड कोठे बसवायची? वास्तविक यंत्राला ती अशक्य नाही. १९८३ साली ठरलेल्या 'मिडी' या संकेतपद्धतीत सूर वाकवण्यासाठी १६,३८४ पायऱ्यांची सोय पहिल्यापासून आहे. यंत्राला जे जमते ते चित्र दाखवत नाही, एवढेच. 'मेलोडाइन' या जर्मन सॉफ्टवेअरने गायलेल्या सुरावरून त्याच्या चढउताराची रेषा काढून दाखवली. ती पाहिली की गळा कोठून कोठे गेला हे अक्षरओळख नसलेल्यालाही कळावे.

तालाचे तसेच. नवे काम उघडले की बहुधा चार मात्रांची चौकट आयतीच पुढे येते. सातची करता येते, नाही असे नाही. पण तिच्या पहिल्या मात्रेवर टिचकीचा आवाज ठसठशीत वाजतो. आपल्या रूपकात सात मात्रांचे तीन-दोन-दोन असे विभाग, आणि सम पडते तीच मुळी खालीवर! म्हणजे जेथे हात हलका हवा तेथे यंत्र जोर देते. विभाग कसे पाडायचे आणि खाली कोठे धरायची हे वादकाला स्वतः ठरवू द्यावे. त्याला एक लहानशी खिडकी पुरे.

कोणी म्हणेल, तज्ज्ञाला शेकडो सोयी लागतात, त्या कोठे ठेवायच्या? त्या असाव्यातच. पेटीलाही पुढे ओढायच्या कळा असतात. पण भाता आणि पट्ट्या आधी हाताशी येतात. पहिल्या पडद्यावर मुद्रण, थांबणे, ऐकणे, कापणे आणि आवाज कमी-जास्त करणे एवढे ठळक असावे, बाकीचे मागे.

आणि शब्द? आमच्याकडचा भजनी गायक 'सी शार्प' म्हणत नाही, 'काळी एक' म्हणतो. सूर तोच आहे. पट्टी निवडण्याच्या यादीत हे दोन शब्द जोडीने लिहायला कितीशी जागा लागेल?